नागपुरात विलो लावायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत नर्सरीत गेलं की विलोच्या रोपावरून नजर हटत नाही. पावसानं धुतलेली लांब पानं, वाऱ्यावर झुलणाऱ्या फांद्या, आणि डोळ्यांसमोर काश्मीरच्या सहलीतला एखादा फोटो. गाडीच्या मागच्या सीटवर रोप टाकून लोक घरी येतात आणि मे महिन्यात फोन करतात. म्हणून इथली बरीचशी उत्तरं मे महिना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

विलो म्हणजे नेमकं कोणतं झाड? मराठीत त्याला नाव आहे का?

आहे. नदी-ओढ्याच्या काठी वाढणारा आपला देशी विलो म्हणजे वाळुंज, शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. सॅलिक्स या वंशात चारशेच्या आसपास प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पाण्याच्या आसऱ्यानं राहणाऱ्या. बागेसाठी लोक मागतात तो मात्र ‘वीपिंग विलो’, म्हणजे सॅलिक्स बॅबिलोनिका. नावात बॅबिलोन असलं तरी झाड मूळचं उत्तर चीनकडचं. बायबलमधल्या एका स्तोत्रात बॅबिलोनच्या नद्यांकाठच्या झाडांचा उल्लेख येतो. ती झाडं विलोचीच, असं धरून लिनियसनं हे नाव दिलं. प्रत्यक्षात ती बहुधा तिकडच्या पॉप्लरची असावीत. उत्तर हिंदुस्थानात या वीपिंग विलोला ‘मजनू’ म्हणतात. केस मोकळे सोडून, मान खाली घालून बसलेला मजनू. मला तरी हे नाव जास्त पटतं.

नागपूरच्या उन्हात विलो जगतो का?

जगतो, पण त्याच्या अटींवर. इथे मे महिन्यात दुपारचं सरासरी तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं, आणि ४५ ओलांडणारे दिवस काही नवलाचे नाहीत. मात्र नुसत्या आकड्यानं विलो मरत नाही. त्याला मारते ती कोरडी गरम हवा आणि तापलेली, भेगाळलेली जमीन, दोन्ही एकाच वेळी. हे नदीकाठचं झाड आहे. कडुनिंब किंवा बाभळीसारखं पाणी जपून वापरायची सवय त्याला नाही. मुळांशी ओल आहे असं समजून ते पानांतून पाणी उडवत राहतं, आणि ओल नसली की पानांच्या कडा दोन दिवसांत तपकिरी होतात.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, अर्धं झाड करपलेलं दिसलं तर लगेच कुऱ्हाड काढू नका. फांदीची साल नखानं जरा खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. मृगाचे दोन पाऊस पडले की अशा झाडांना अंगभर फुटवा येताना मी पाहिला आहे. मात्र पहिले दोन उन्हाळे कसोटीचे असतात. तिसऱ्या वर्षी मुळं खोल गेली की काळजी बरीच कमी होते.

कोवळ्या खोडाची साल पातळ असते, पश्चिमेच्या उन्हानं ती भाजते आणि तडकते. फेब्रुवारीअखेर खोडाला चुना लावा. संत्र्याच्या बागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम लावतात तेही चालेल. रोपाच्या पश्चिमेला हिरवी शेडनेट उभी बांधा. वरून झाकू नका, हवा खेळती राहू द्या.

आमच्याकडे भारी काळी माती आहे. चालेल का?

झाडाला चालेल. घराला चालेल का, हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर पुढे आहे.

काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, आणि संत्र्यापासून पपईपर्यंत कित्येक झाडांची मुळं त्यात सडतात. विलोला त्याचं काहीच वाटत नाही. उलट बागेतला जो कोपरा ऑगस्टमध्ये डबकं होतो, तोच त्याला द्यावा. अडचण उन्हाळ्यात येते. ही माती आटते तेव्हा हातभर खोल भेगा पडतात, त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात आणि उघडी पडून वाळतात. म्हणून आळ्यात आच्छादन हवंच. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, धानाची तणस, वाळलेला पाला, जे मिळेल ते अर्धा फूट जाडीनं पसरा. खोडापासून मात्र चार बोटं लांब ठेवा. नाहीतर उधई, म्हणजे वाळवी, थेट सालीवर चढते.

मुरमाड किंवा बरड जमीन असेल तर माझा सल्ला सरळ ‘लावू नका’ असा. तिथे पाणी टिकत नाही, आणि विलोसाठी रोज पाणी वाहत बसणं मला तरी पटत नाही.

घरापासून किती लांब लावायचा?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

विलोची मुळं पाण्याचा माग काढत जातात. धड जोडलेला, न गळणारा पाइप ती सहसा फोडत नाहीत. पण जुन्या सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या ड्रेनेज लाइनचा सांधा जरासा पाझरत असला की तिथून केसासारखं बारीक मूळ आत शिरतं आणि काही वर्षांत आत झाडूसारखा गुच्छ तयार होतो. चेंबर तुंबलं की मग प्लंबर ते उपसून दाखवतो. सेप्टिक टँक, नहाणीचं पाणी जाणारी नाली, जमिनीखालचं टाकं, ही सगळी विलोची आवडती ठिकाणं.

दुसरा धोका चटकन दिसत नाही आणि तो आपल्या काळ्या मातीतच जास्त आहे. ही माती ओलीनं फुगते आणि कोरडी झाली की आकसते. पायाशेजारी विलो असला तर उन्हाळ्यात तो त्या बाजूची ओल खोलवरून ओढून घेतो. एका बाजूची माती आकसली की पाया त्या बाजूला बसतो, आणि भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ब्रिटनमध्ये चिकणमातीवर घरं बांधताना विलोला जास्त पाणी ओढणाऱ्या झाडांतच धरतात, आणि तिथे तर आपल्यासारखा उन्हाळा नसतो.

झाड मनासारखं वाढलं तर ४० फुटांवर जातं आणि घेरही जवळपास तेवढाच घेतं. काळ्या मातीत घर, शेजाऱ्याचं घर आणि ड्रेनेज यांपासून निदान ५० फूट अंतर हवं, याखाली मी येत नाही. शेजाऱ्याचं घर मुद्दाम लिहिलं आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत विलो लावणारा माणूस स्वतःचा पाया वाचवतो आणि दुसऱ्याचा पणाला लावतो.

आमचा प्लॉट १५०० चौरस फुटांचा आहे. मग विलो विसरायचा का?

जमिनीतला विसरायचा. कुंडीतला नाही.

दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचा अर्धा भाग किंवा २० इंची मातीची कुंडी घ्या आणि त्यात वेड्यावाकड्या फांद्यांचा विलो लावा. दरवर्षी छाटून तो सहा-सात फुटांवर ठेवता येतो. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू, ही त्याची जागा. तापलेल्या स्लॅबच्या गच्चीवर ठेवू नका. मुळं शिजतात हे अक्षरशः खरं आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रोप मे महिन्यात दुपारी हात लावून बघा. दर दोन वर्षांनी, जानेवारीत, कुंडीतून काढून बाहेरची मुळं चार बोटं कापून नवी माती भरावी लागते.

उन्हाळ्यात कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली तर विलोला आवडतं. थाळीतलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, थाळी घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

हवी असेल ती फक्त झुलणाऱ्या फांद्यांची शोभा, तर वीपिंग बॉटलब्रश लावा. लाल फुलं येतात, पाणी बरंच कमी लागतं आणि इथला उन्हाळा तो निभावून नेतो. विलोच्या हट्टी चाहत्याला हे पटत नाही, ठाऊक आहे.

शोभेच्या इतर जातींचं काय? इंटरनेटवर गुलाबी पानांचा विलो पाहिला.

तो ‘हाकुरो निशिकी’, सॅलिक्स इंटेग्राची जपानी जात. गुलाबी, पांढरी आणि हिरवी अशी मिश्र पानं. थंड देशात सुरेख दिसतो. गुलाबी रंग फक्त कोवळ्या फुटव्याला असतो, उन्हाळा तापला की उतरतो, आणि पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यानं तो आधी भाजतो. नागपुरात हा हौसेचा नाही, हट्टाचा प्रकार आहे. उंच खोडावर कलम बांधलेला ‘किल्मार्नॉक’ आणि काळ्या लोकरी फुलोऱ्याचा विलो हेही थंडीचेच पाहुणे. त्यांना खरा हिवाळा लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चांगला उतरतो, पण तो मुक्काम छोटा.

इथे प्रयत्न करण्याजोगे तीनच : मजनू, वेड्यावाकड्या फांद्यांचा ‘टॉर्च्युओसा’ आणि आपला वाळुंज.

नर्सरीत खरा विलो ओळखायचा कसा?

लांब, लोंबत्या पानांच्या कशालाही ‘विलो’ म्हणून विकायची पद्धत आहे. एक पान मागून घ्या आणि चुरगाळा. निलगिरीसारखा किंवा लिंबासारखा वास आला तर बॉटलब्रश. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर तो बारीक पानांचा फायकस, त्याला बोन्साय करणारे ‘विलो लीफ’ म्हणतात. पानाची कड लाटेसारखी वर-खाली असेल तर तो उंच वाढणारा हिरवा अशोक.

विलोचं पान पातळ, बोटाएवढं किंवा थोडं जास्त लांब, काठाला अगदी बारीक दाते, आणि मागची बाजू फिकट राखाडी हिरवी. पानं फांदीवर समोरासमोर येत नाहीत, एकाआड एक येतात. तरीही शंका असेल तर डोळा, म्हणजे कळी, पाहा. विलोच्या डोळ्यावर टोपीसारखं एकच आवरण असतं. नर्सरीवाला तुमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.

श्रीनगरहून फांदी आणली आहे. लागेल का?

मुळ्या नक्की फुटतील. त्यात विलोचा हात कोणी धरत नाही. पण तिकडची झाडं लांब, कडक हिवाळ्याला सरावलेली. इथे ती उशिरा, तुरळक फुटतात आणि मे महिन्यात थकतात. त्यापेक्षा उत्तरेच्या मैदानी भागात वाढलेल्या झाडाची फांदी मिळवा, नाहीतर नागपुरातच कुणाच्या आवारात तीन-चार उन्हाळे काढलेला विलो असेल तर त्याची. जगून दाखवलेल्या झाडाचं कलम सगळ्यात भरवशाचं.

फांदीपासून रोप कसं करायचं?

जानेवारीच्या मध्यावर, पानं गळलेली असताना किंवा नवे डोळे फुगायच्या आत, पेन्सिलीच्या जाडीची फांदी घ्या. वीतभर किंवा जरा मोठे तुकडे करा. खालचा काप तिरका, वरचा सरळ. दोन तृतीयांश भाग मातीत, दोन-तीन डोळे वर. उलटं लावू नका, हसू नका, हे होतं. वाळू, पोयटा आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात. सावलीत ठेवून माती सतत ओलसर. विलोच्या फांदीत मुळांचे अंकुर आधीच तयार असतात, त्यामुळे रूटिंग पावडर लागत नाही. नुसत्या पाण्याच्या बाटलीतही आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या मुळ्या दिसतात. पोरांना दाखवायला छान आहे, पण पाण्यातल्या मुळ्या नाजूक असतात, मातीत लवकर हलवा.

बियांच्या मागे लागू नका. विलोचं बी काही दिवसांतच उगवणशक्ती गमावतं, शिवाय नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. ऑनलाइन ‘विलोचं बी’ विकणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं.

जमिनीत कधी लावायचा?

पाऊस नीट बसल्यावर, जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच काढून तापू द्या. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. बांबूचा आधार द्या, पण दोरी ढिली, आठच्या आकड्यात बांधा. रोप चार-पाच फुटांपेक्षा मोठं घेऊ नका. मोठं रोप रुबाबदार दिसतं, पण लहान रोप पहिल्या उन्हाळ्याच्या आत जास्त मुळं धरतं.

पाणी किती? कूलरचं आणि आरओचं पाणी टाकलं तर?

पावसाळ्यात काहीच नाही. हिवाळ्यात आठवड्याला एकदा. मार्चपासून नव्या रोपाला एक दिवसाआड दोन बादल्या, नवतपात रोज संध्याकाळी. तीन वर्षांच्या झाडाला मे महिन्यात आठवड्यातून दोनदा भरपूर, आळं तुडुंब भरून. थोडं थोडं रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि वरची माती तापली की झाड संपतं. ठिबक असेल तर ड्रिपर खोडाशी न ठेवता फांद्यांच्या घेराखाली ठेवा.

कूलरचं पाणी नको. कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आठवडाभरानं टाकीत उरलेलं पाणी मूळ बोरिंगच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. ताट्यांवरचा पांढरा थर म्हणजे तेच क्षार. आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्याचीही तीच गत, फक्त थोडी सौम्य. पावसाळ्यात टाकलं तर धुऊन जातं, मे महिन्यात टाकलं तर पानांची टोकं जळतात. नळाचं, पेंच धरणाचं पाणी गोडं, ते विलोला मानवतं. पण उन्हाळ्यात तुमच्या वस्तीत नळ किती वेळ येतो, याचा हिशेब रोप घेण्याआधी करा. वस्तीत टँकर येत असेल तर विलो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत.

लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हिराकस नुसता मातीत टाकला तर चुनखडी त्याला तिथेच बांधून टाकते.

पानं चिकट झाली आहेत, खाली मुंग्या फिरतात.

मावा. कपाशी केलेल्या घरात हे सांगायची गरज नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क. मावा वारंवार येत असेल तर युरिया बंद करा, कारण लुसलुशीत फुटवा त्याला बोलावून आणतो. खोडावर भुश्शाची जाळी दिसली तर साल खाणारी अळी आहे, संत्र्यावर येते तीच. जाळी साफ करून छिद्रात केरोसिनचा बोळा घालायचा आणि चिखलानं तोंड बंद करायचं. पानांच्या मागे नारिंगी पूड म्हणजे तांबेरा, गळलेली पानं वेचून जाळा.

छाटणी केव्हा?

जानेवारीत. विलोचं लाकूड ठिसूळ असतं आणि एप्रिल-मेच्या वादळात फांद्या कडाकड मोडतात. एकमेकींना घासणाऱ्या आणि खोडाशी अरुंद कोन करणाऱ्या फांद्या लहानपणीच काढा. जमिनीला टेकणारी टोकं गुडघ्याच्या उंचीवर कापली तर खाली गवतही वाढतं आणि साप-विंचू दिसतो.

‘रडणारं’ झाड घरात अशुभ असतं म्हणतात.

‘रडणारं’ हे इंग्रजी नावाचं भाषांतर. चिनी लोक शतकानुशतके हे झाड तळ्याकाठी आवडीनं लावत आले. सासूबाईंचा विरोध असेल तर ‘मजनू’ नाव सांगून बघा, कदाचित जास्तच होईल.

याच्या लाकडाची क्रिकेटची बॅट होते का?

नाही. बॅटचा विलो वेगळा, सॅलिक्स अल्बा. इंग्लंडमध्ये त्याची खास जात लावतात आणि काश्मिरात बॅटसाठी त्याचीच लागवड आहे. तो सरळ वाढतो, मजनू नाही. जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत तुमचं झाड पोचणार नाही.

सालीतून ॲस्पिरिन मिळतं ना? काढा केला तर?

सालीत सॅलिसिन असतं, आणि सॅलिसिलिक ॲसिड हे नाव सॅलिक्सवरूनच आलं. बायर कंपनीनं १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आणलं, पण ते प्रयोगशाळेत तयार केलेलं रसायन होतं. घरी काढा करू नका. प्रमाण कळत नाही. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी तर मुळीच घेऊ नये.

आमची नाल्याकाठी शेती आहे. तिथे कोणता लावू?

वाळुंज, दुसरा विचार नको. देशी आहे, काठाची माती धरून ठेवतो, पूर आला तरी लवून परत उभा राहतो, आणि फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. फांदीचे हातभर तुकडे पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या काठात ठोकले तरी लागतात. शेळ्यांपासून दोन वर्षं काट्याची बाभूळ लावून राखावं लागतं.

झाड किती वर्षं टिकतं? नंतर काढायचं झालं तर?

मजनू फार दीर्घायुषी नाही. चांगल्या जागी वीस-तीस वर्षं, आपल्या उन्हात त्याहून कमीच धरा. पोकळ झालेलं जुनं झाड वादळात आधी पडतं. मात्र शहरात आपल्या आवारातलं झाडही मनात आलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि परवानगीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. झाडाचा आणि भिंतीवरच्या भेगेचा असे दोन्ही फोटो अर्जासोबत जोडा. परवानगी मिळून झाड कापलं तरी बुंधा पुन्हा फुटतो, त्यामुळे मुळासकट खणून काढायची मजुरी आधीच ठरवून घ्या.